‘पद घरातच राहिलं की, सर’: एकाच क्लासमधल्या नवरा-बायकोची पटकथा दुरुस्त करताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही ‘फेअर प्ले’ हा इंग्रजी चित्रपट पाहिलात आणि एकाच ठिकाणी नोकरी करणाऱ्या जोडप्यात बढतीमुळे पडणारी फट हा विषय लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये आणून पूर्ण लांबीची पटकथा लिहिलीत. नवरा-बायको दोघंही फिजिक्स शिकवतात, विभागप्रमुखपद बायकोला मिळतं. मसुदा वाचणाऱ्यांच्या तक्रारी दोन: नवरा खलनायक वाटतो, आणि मध्यंतरानंतर नुसती भांडणं उरतात. दुरुस्ती कुठून करायची, हे तुम्ही विचारलंय.

मसुदा मी नीट वाचला. विषय पक्का आहे, निवडलेली जागा त्याहून पक्की आहे. दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही बढतीलाच गोष्ट समजलात. बढती हा पाच मिनिटांत आटोपणारा प्रसंग आहे. गोष्ट सुरू होते ती नवरा त्या बढतीचं कारण शोधायला लागतो तिथून. ‘ती चांगली शिकवते’ हे कारण त्याच्यासमोर पहिल्या दिवसापासून असतं, पण त्याला ते पुरत नाही. तो दुसरं काहीतरी शोधतो. जे सापडतं त्यावर पुढचा तासभर सिनेमा चालला पाहिजे. तुमचा नायक काहीच शोधत नाही, तो थेट चिडतो. चिडलेल्या माणसाला पडद्यावर भांडण्यापलीकडे काम उरत नाही, आणि सतत भांडणारा माणूस प्रेक्षकाला वाईटच वाटतो.

‘फेअर प्ले’त हा शोध अगदी लवकर सुरू होतो. क्लोई डोमोंट यांचा तो पहिला चित्रपट, २०२३च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर आला. न्यूयॉर्कमधली हेज फंड कंपनी, म्हणजे बड्या लोकांचा पैसा जोखमीने गुंतवणारी. कर्मचाऱ्यांनी आपसात नाती जोडायची नाहीत असा तिथला नियम, त्यामुळे एमिली आणि ल्यूक यांचा साखरपुडा झालेला असूनही ऑफिसात ते परके असल्यासारखे वावरतात. वरची जागा रिकामी होते, कुजबुज ल्यूकच्या नावाची असते, जागा मिळते एमिलीला. ल्यूक आधी आनंद दाखवतो आणि मग त्याच्या मनात पाल चुकचुकते, की साहेबाने हिच्याकडून काही मागितलं तर नसेल? तिथून त्या घरातली हवा बदलते.

हा सांगाडा तुम्ही जसाच्या तसा उचललात, इथे गडबड झाली. तिथला सगळा ताण गुपितातून येतो. लातूरच्या ट्यूशन एरियात दोन शिक्षकांचं लग्न गुपित राहील का? मेसवाल्या मावशी, होस्टेलचे रेक्टर, झेरॉक्सवाला, बायोलॉजीचे सर, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. उलट ‘सर-मॅडमची जोडी’ हीच क्लासची जाहिरात असते. फ्लेक्सवर दोघांचे फोटो शेजारी-शेजारी असतात. म्हणून तुमच्या सिनेमात ताण गुपितातून न येता उघडेपणातून यायला हवा. त्याचा अपमान कुणी करत नाही, पण तो सगळ्यांना माहीत असतो. चहाच्या टपरीवर कुणी काही बोलत नाही, फक्त पैसे देताना ‘मॅडमचं अभिनंदन सांगा’ म्हणतो. मसुद्यात तुम्ही ऑफिसमधली खलबतं चार प्रसंगांत रंगवलीत. ती काढा, आणि त्या जागी ही टपरी आणा.

आता नवऱ्याकडे येऊ, कारण सिनेमा त्याच्यावर उभा राहणार किंवा पडणार. ‘फेअर प्ले’त पुढे कळतं की ल्यूक कामात बेताचाच होता आणि साहेबाला तो नकोच होता. त्या सिनेमाला ते चाललं. तुम्ही ही सोय घेऊ नका. तुमचा नवरा उत्तम शिक्षक असला पाहिजे, आणि ते नुसतं कुणाच्या तोंडून कळून भागणार नाही, आपल्याला तो शिकवताना दिसला पाहिजे. मसुद्यात दोघं सतत ‘लेक्चर घेऊन आलो’ म्हणतात, पण एकही लेक्चर पडद्यावर नाही. फिजिक्सच्या शिक्षकांवरच्या सिनेमात फिजिक्सच नाही, हे मला फार खटकलं.

एक प्रसंग सुचवतो. उतरत्या फळीवरून तीन वस्तू एकाच वेळी सोडायच्या: बांगडी, कॅरमची सोंगटी आणि काचेची गोटी. तिन्ही घरंगळत येणार. आधी कोण पोचेल? मुलं वजनावरून अंदाज बांधतात, आकारावरून बांधतात, पैजा लावतात. गोटी पहिली येते, मग सोंगटी, शेवटी बांगडी. वजन बदला, आकार लहानमोठा करा, क्रम तोच राहतो, कारण वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय त्यावर सगळं ठरतं. बांगडीचं सगळंच्या सगळं वस्तुमान कडेला असतं. नवरा हे वीस मिनिटं रंगवतो, आणि मागच्या बाकावरचा, निलंग्याकडून आलेला, इंग्रजीला बुजणारा मुलगा पहिल्यांदा हात वर करतो. बांगडी बायकोची असू द्या, त्यावर संवाद मात्र नको.

पुढचाच प्रसंग बायकोच्या वर्गातला. तोच धडा, रोटेशनचा. ती फळ्यावर बांगडी, सोंगटी आणि गोटी यांची तीन गुणोत्तरं लिहिते: एक, एक द्वितीयांश, दोन पंचमांश. एक सूत्र देते आणि त्या वीस मिनिटांत मागच्या वर्षांचे चार प्रश्न सोडवून घेते. तिचा वर्गही मंत्रमुग्ध आहे, वेगळ्या कारणाने. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला एकशेऐंशी मिनिटांत १८० प्रश्न असतात, त्यात फिजिक्सचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. एकूण ७२० पैकी बायोलॉजीचे ३६०, फिजिक्सचे १८०. पण बायोलॉजीत बरीच मुलं बरोबरीने चालतात आणि फिजिक्सला मागे-पुढे होतात, म्हणून क्लासच्या दुनियेत फिजिक्सच्या शिक्षकाचा भाव वेगळा. अशा परीक्षेला कुणाची पद्धत जास्त उपयोगी, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

इथे तुम्हाला लातूरचा इतिहासही कामी येतो. ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं ते बारावी बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांमुळे, राजर्षी शाहू आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांमुळे. मग राज्याची स्वतःची प्रवेशपरीक्षा, सीईटी, आली. नीट पहिल्यांदा २०१३ला झाली, न्यायालयात अडकली आणि २०१६नंतर पक्की झाली. दरवेळी परीक्षा बदलली की चांगल्या शिक्षकाची व्याख्या बदलली. तुमचा नायक चाळिशीकडे झुकलेला दाखवा. त्याने सुरुवात केली तेव्हा लांबलचक उत्तरं लिहून घेणारा, सिद्धता समजावणारा शिक्षक मोठा होता. त्याच्यात काही कमी झालेलं नाही, बाजार बदलला. म्हणजे त्याचं नुकसान खरं आहे. बायकोने ते केलेलं नाही, पण ते तिच्या नावाने त्याच्या दारात आलंय. एवढं प्रस्थापित झालं की तो पुढे कितीही वेडावाकडा वागला तरी प्रेक्षक त्याला टाकून देणार नाही.

मग तो कारण शोधतो. साहेब आणि बायको यांच्यात काही असेल, हा संशय तुम्ही ‘फेअर प्ले’वरून घेतलाय. तो काढून टाका. तो इथे स्वस्त पडतो, आणि प्रेक्षक पहिल्या मिनिटाला म्हणतो की याचं डोकं फिरलंय. त्याला असं कारण सापडू द्या जे अर्धं खरं असेल. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून मुली लातूरला येऊन होस्टेलवर राहतात. प्रवेशाच्या दिवसांत त्यांचे आई-वडील क्लास-क्लास फिरतात तेव्हा ‘मुलींकडं बघायला बाईमाणूस हाय का?’ हा प्रश्न पहिल्या पाचांत असतो. विभागप्रमुख मॅडम असणं क्लासला परवडतं. नवऱ्याला हे कारण सापडतं आणि तो त्याला धरून बसतो: ‘तू बाई आहेस म्हणून मिळालं.’ आता बघा, हे खोटं आहे का? संचालकाने हा हिशेब केलाच असणार. आणि बायकोलाही ते आतून ठाऊक आहे. म्हणूनच ते वाक्य तिला लागतं. पूर्ण खोटा आरोप माणूस झटकून टाकतो, अर्धा खरा मात्र रात्री उशाशी येऊन बसतो.

तिलाही एक कारण सापडू द्या. मसुद्यातली बायको देवी झालीय: सगळं सोसते, सगळं समजते, अश्रू पुसून पेपर तपासते. अशी बाई मला खरी वाटत नाही, आणि तिच्यावर हा अन्यायही आहे. तिला ते पद हवं होतं. मनापासून, बऱ्याच दिवसांपासून. संचालकाने तिला आधी सांगितलं तेव्हा चार दिवस ती घरी गप्प राहिली. केबिनमध्ये एकटी असताना ती खुर्चीची उंची जरा वाढवून बघते, एवढं दाखवा. आणि नवरा अस्वस्थ झाला की ती एका झटक्यात निकाल देते, ‘पुरुषी अहंकार आहे, दुसरं काय!’ हेही अर्धं खरंच. पण या निकालामुळे त्याचं एक खरं म्हणणं तिच्या कानावर पडत नाही. तो म्हणतोय की आपल्या वर्गातून मुलांना सूत्रं पाठ येतात, फिजिक्स येत नाही. ते म्हणणं ती ऐकत नाही, कारण ते मत्सराच्या तोंडून आलंय. दोघंही समोरच्याला एका कारणात बसवतात आणि मोकळे होतात. तुमच्या सिनेमाचा गाभा मला हा दिसतो.

तिसरा माणूस संचालक. तो तुमच्याकडे मिशीवाला, फोनवर ओरडणारा धनदांडगा आहे. त्याला सभ्य करा. स्वतः शिकवत वर आलेला, शिक्षकांच्या आईवडिलांची विचारपूस करणारा. तो नवऱ्याला आधी एकट्याला बोलावतो, चहा मागवतो, ‘तुम्ही समजूतदार आहात’ म्हणतो आणि शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणतो, ‘पद घरातच राहिलं की, सर.’ या एका वाक्यात त्याने दोन पगारी माणसांचं मिळून एक घर केलं, आणि त्या घरातली उतरंडही ठरवून टाकली. त्याला यात काही वाईट बोललो असं वाटतच नाही. नवऱ्यालाही त्या क्षणी हसून ‘हो की’ म्हणावं लागतं. पुढे सासरी, माहेरी, शेजारी सगळे हेच वाक्य आनंदाने म्हणतील. स्पर्धा या दोघांनी मांडलेली नाही, शिडी तिसऱ्याने लावली आणि वरची पायरी एकच ठेवली. ते संचालकाच्या भाषणातून सांगू नका, या वाक्यातून कळू द्या.

क्लासमध्ये सत्ता कुठे असते? वेळापत्रकात. हे तुमच्याकडे एका ओळीत उडून गेलंय, त्याला पूर्ण प्रसंग द्या. पद मिळाल्यावर बायकोचं पहिलं काम जूनच्या नव्या बॅचचं वेळापत्रक. रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी पोरगी झोपलेली. आतापर्यंत निवडक मुलांची सकाळची बॅच नवऱ्याकडे होती. ती त्याला रिपीटर बॅच देते. तिचं कारण चोख आहे: ज्यांचं एक वर्ष गेलंय त्यांना मुळापासून समजावणारा माणूस हवा आणि तो हाच. त्याला त्यात खाली ढकलणं दिसतं. दोघांचंही बरोबर आहे. आणि तो हे वेळापत्रक घरात बघत नाही, सकाळी क्लासच्या ग्रुपवर पीडीएफ येते तेव्हा बघतो, बाकी सगळ्यांच्या बरोबर. तिने आठ फुटांवर बसून केलेली गोष्ट त्याला पीडीएफमधून कळते.

मध्यंतरानंतरच्या भांडणांपैकी मी एकच ठेवीन. बाकीच्यांच्या जागी कामं ठेवा. लातूरात नळ रोज येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं त्या गावात पाण्याचा दिवस हा घरातला महत्त्वाचा दिवस असतो. पाणी रात्री येतं, कुणीतरी उठून मोटार लावावी लागते. हे काम इतकी वर्षं नवरा करत आलाय. रविवारच्या टेस्टचा पेपर काढून बायको उशिरा झोपते. पाणी येतं. तो जागा आहे. पाइपातला आवाज त्याला ऐकू येतोय. तो उठत नाही. सकाळी टाकी कोरडी, पोरीची शाळा, टँकरवाल्याला फोन, आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल बोलत नाही. तुमच्या चार पानांच्या आरडाओरड्यापेक्षा या रात्रीने नातं जास्त तुटतं.

दुसरं काम त्याच्या वडिलांचं. मसुद्यात सासू-सासरे सुनेला टोमणे मारतात. ते इतक्या वेळा पाहून झालंय की प्रेक्षक पुढचा संवाद स्वतःच म्हणेल. उलट करा. निकालानंतर रस्त्यावर मोठा फ्लेक्स लागतो, त्यात मधोमध सून. सोयाबीनचं बियाणं घ्यायला गावाकडून आलेले वडील त्यासमोर थांबतात, कुणाला तरी फोटो काढायला लावतात आणि लेकाला अभिमानाने दाखवतात, ‘आपल्या घरचं नाव लई मोठं केलं पोरीनं.’ मुलाच्या शिक्षणासाठी एकरभर रान विकलेला हा माणूस आहे. त्याच्या आनंदात खोट नाही, आणि नेमका तोच आनंद पोराला सहन होत नाही. आपण किती खाली आलोय हे त्याचं त्यालाच इथे दिसतं.

तिसरं काम नोट्सचं, आणि माझ्या मते तुमच्या सिनेमाचा कळस इथे आहे. लग्नानंतर एका खोलीत राहत असताना दोघांनी मिळून हाताने लिहिलेल्या नोट्स, ज्यावरून पुढे क्लासचं छापील मॉड्यूल झालं. नव्या आवृत्तीवर विभागप्रमुख म्हणून फक्त तिचं नाव छापून येतं. छापखान्याला मजकूर क्लासच्या कार्यालयाने दिलेला, तिने बघितलाही नाही. त्याच सुमारास नांदेडचा दुसरा क्लास नवऱ्याला जास्त पगार देऊ करतो, अट एकच, ‘नोट्स घेऊन या.’ तो एका दुपारी मूळ वह्या काढून आपली पानं वेगळी करायला बसतो. ती वेगळी होतच नाहीत. सिद्धता त्याच्या अक्षरात, खालची गणितं तिच्या अक्षरात, समासातली दुरुस्ती पुन्हा त्याची, आणि सगळं एकाच पानावर. ती दारात येते. ठेवायचं ते एकमेव भांडण इथे ठेवा, आणि ते नोट्सवरच होऊ द्या. प्रेमावर, लग्नावर, ‘तू बदललीस’वर अजिबात नको. ‘हे रोटेशनचं प्रकरण कुणाचं?’ या प्रश्नावर दोन फिजिक्स शिकवणारी माणसं भांडतात, एवढं पुरे आहे.

भाषेबद्दल. मसुद्यात सगळी पात्रं सगळीकडे सारखीच ठसठशीत बोली बोलतात. वर्गात शिकवणारा माणूस मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलतो, कारण समोर नांदेडचं पोरगं असतं तसं कर्नाटकाच्या सीमेवरचंही असतं. घरी आई-वडिलांशी तो ‘काय करायलाव?’ असं बोलतो. बायको वर्गात त्याला ‘सर’ म्हणते, सासूसमोर ‘अहो’, खोलीत नावाने. पद मिळाल्यावर हे कुठे कुठे ओलांडलं जातं त्यावर लक्ष ठेवा. एकदा घरात, मीठ मागताना, तो तिला ‘मॅडम’ म्हणतो. दोघंही थांबत नाहीत, जेवण चालू राहतं.

गंजगोलाईचे ड्रोन शॉट सुरुवातीला तीन ठिकाणी आहेत. सोळा रस्ते फुटलेला तो चौक वरून देखणा दिसतो, मान्य, पण तुमची माणसं तिथे राहत नाहीत. ती उद्योग भवन परिसरातल्या जिन्यांवर, झेरॉक्सच्या दुकानांत आणि मेसच्या रांगेत आहेत. कॅमेरा तिकडे न्या.

राहिला शेवट. या घाटाच्या सिनेमांना शेवटाशी एक मोठा आघात आणायची सवय आहे. ‘अ स्टार इज बॉर्न’ हॉलिवूडने १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ असा चारदा केला आणि चारही वेळा मागे पडलेला पुरुष मरतो. आपल्याकडे हृषीकेश मुखर्जींच्या ‘अभिमान’मध्ये, १९७३ साली, बायकोचा गर्भपात होतो आणि त्या दुःखातून दोघं पुन्हा जवळ येतात. ‘अभिमान’ मला अतिशय प्रिय आहे, तरीही सांगतो, तो आघात मूळ प्रश्न सोडवत नाही, बाजूला सारतो. ‘फेअर प्ले’ हिंसेपर्यंत जातो. तुमच्या मसुद्यात पोरीला अपघात होतो आणि दवाखान्यात दोघं रडतात. तो अपघात कापा. हे दोघं रडून जवळ आले तरी जुलैच्या पहिल्या सोमवारी कोण कुणाच्या हाताखाली काम करणार, हा प्रश्न तसाच असतो. नवऱ्याचा हातही उगारू नका. तो उगारला की सिनेमा त्या क्षणापासून मारहाणीचा होतो, आणि तसाच व्हायला हवा, मग स्पर्धेचं सगळं मांडलेलं वाया जातं.

मराठवाड्यातल्या नोकरदार जोडप्यांनी अशा पेचावर स्वतःची वाट कधीच काढलीय, आणि ती म्हणजे अपडाउन. एक लातूरला, एक नांदेडला, शनिवारी रात्री घरी, सोमवारी पहाटेची एसटी. हे तुटणंही नाही आणि जुळणंही नाही, लोक वर्षानुवर्षं असं जगतात. तुमचा नवरा नांदेडची नोकरी घेतो, पण नोट्स न घेता, आणि त्यामुळे कमी पगारावर. तिथे तो त्याच्या पद्धतीने शिकवतो, बॅच लहान आहे. इकडे ती तिच्या वेळापत्रकात महिन्यातून एक तास ‘प्रयोग’ असा घालते आणि संचालकाशी त्यावर वाद घालते. या दोन गोष्टी एकमेकांना कळतात की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते तिची त्याला कळावी, क्लासच्या जुन्या ग्रुपवरून, ज्यातून तो अजून बाहेर पडलेला नाही.

दुसरा मसुदा पहिल्या पानापासून लिहायला बसू नका. आधी संचालकाचा चहाचा प्रसंग लिहा, मग वेळापत्रकाची रात्र, मग वह्यांची दुपार. हे तीन उभे राहिले की मधलं काय लागतं ते आपोआप दिसेल आणि बरीच जुनी पानं स्वतःहून गळतील. लिहिण्याआधी एखाद्या फिजिक्सच्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून या, परवानगी काढून, निदान आठवडाभर. जूनमध्ये जा, नव्या बॅच सुरू होताना, पालक चौकशीला येतात तेव्हा. ते तीन प्रसंग झाले की पाठवा, बाकीच्यासाठी थांबू नका.